निवृत्तीभाऊंचा भोंगा

पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या गेल्या, मुलाच्या मामानं लिंबू पिळलं आणि नेमका तेव्हाच ग्रामपंचायतीचा भोंगा खाकरला.

"हॅलो, हॅलो. सर्व गावकरी मंडळींना कळविण्यात येते की, डोंगराकडून आभाळ आलेलं आहे. तरी सर्वांनी लेकरंबाळं, म्हातारी माणसं सोबत घेऊन टेकडीवरच्या शाळेत ताबडतोब जावं. धांदल करू नये. पण थांबूही नये."

मुलीचे वडील शेषरावभाऊ त्या वेळी 'आमची करिष्मा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे' असं सांगत होते. त्या वाक्यातलं 'आहे' त्यांनी अंगणात पोचून म्हटलं. त्यांच्या बायकोनं गॅस बंद केला आणि पायात नवऱ्याच्या चपला घालून ती निघाली. करिष्मा चहाचा ट्रे घेऊन बैठकीत यायची होती, ती मागच्या दारानं ट्रेसकट टेकडीकडे वळली. दोन मिनिटांत घरात पिंपळगाव राजाचे सहा पाहुणे उरले, आणि पोहे वाढायच्या मदतीला आलेली मी.

मीही एक पाय बाहेर टाकलाच होता. पण दारात आलेल्या पाहुण्यांना टाकून जाणं बरं दिसत नाही, म्हणून "चला, चला" म्हणत त्यांनाही सोबत घेतलं. मामा धापा टाकत विचारत होते, "बाई, पोरगी दाखवाचा कार्यक्रम तुमच्या इकडे शाळेत असते का?"

"हाव," मी म्हटलं. पळता पळता आणखी काय सांगणार?

शाळेमागच्या हॉलमध्ये तोवर अर्धं गाव जमलं होतं. मुलाच्या आत्यानं एका मुलीला गाठून स्वयंपाक, शिवणकाम असं सगळं नीट विचारून घेतलं, आणि मुलालाही ती पसंत पडली. पण ती निघाली पूनम, आमच्या सोनाराची सून. मांडीवरचं आठ महिन्यांचं बाळ तिचंच होतं. करिष्मा पलीकडच्या कोपऱ्यात ट्रेमधला चहा म्हाताऱ्यांना वाटत बसली होती. पाऊस? एक थेंब पडला नाही. पाच वाजता ऊन पडलं आणि सगळे खाली उतरले. चौथ्या दिवशी पाहुण्यांचा निरोप आला, "पोरगी बेस हाय, पन गावाच्या डोक्याचं पाहा लागते."

पुरानंतरच्या चार पावसाळ्यांतली ही एकोणिसावी वेळ.

मी सारिका, सावरटाकळीची आशा वर्कर. गावात कोणाला कितवा महिना आहे आणि कोणाची साखर किती आहे, हे मला तोंडपाठ असतं. भोंग्यावर बोलणारे निवृत्तीभाऊ आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाई. वय अठ्ठावन्न. पंचवीस वर्षं नळ सोडणं, झेंड्याची दोरी ओढणं, सभेच्या सतरंज्या झटकणं आणि सूचना वाचणं, एवढंच त्यांनी केलं. त्यांच्या हातून कधी कौतुक करावं असं काही झालं नाही आणि नावं ठेवावीत असंही नाही. पूर येईपर्यंत तरी नाही.

लग्न मोडलं तेव्हा शेषरावभाऊ ग्रामपंचायतीत जाऊन कडाडले. "या निवृत्तीच्या डोक्यात पानी शिरलं राजेहो! थेंब पडत नाही अन् हा सारं गाव टेकडीवर चढवते. माह्या पोरीचं काय?"

त्या दिवशी टेकडीवर सगळ्यात आधी पोचलेले शेषरावभाऊच होते, हे मी बोलले नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपलं मुसळ दिसत नाही, हे म्हणणं सोपं असतं. सभेत उभं राहून म्हणणं अवघड.

सरपंच हर्षल तिशीतला मुलगा, शिकलेला. त्यानं ठरवलं की माईकची खोली कुलपात राहील आणि चावी त्याच्याकडे. "आता मोबाईलवर सारं कळते, निवृत्तीभाऊ. कोन्त्या गावात किती वाजता किती पानी, सारं. तुमी आराम करा." आणि या माणसाची तपासणी व्हावी असं पत्र त्यानं आरोग्य केंद्राला धाडलं.

चावी निवृत्तीभाऊ करदोड्याला बांधून ठेवत. तिथंच सभेत पाठ फिरवून त्यांनी सदरा वर केला, गाठ सोडली आणि चावी टेबलावर ठेवली. जाताना एवढंच म्हणाले, "आभाळावर ध्यान ठेवजो, बाप्पा."

पत्राचा आणि सरकारी कामाचा योग असा जुळला की पंधरा दिवसांत बुलढाण्याहून अनुपमा मॅडम आल्या. पूरग्रस्त गावांतल्या लोकांचं मानसिक आरोग्य बघायचं काम त्यांच्याकडे होतं. पूर आला तेव्हा चार दिवसांत बिस्किटाचे पुडे आले होते, मन बघायला माणूस चौथ्या वर्षी आला. बैल गेला आणि झोपा केला, असं मी मनात म्हटलं. पण बाई चांगल्या होत्या. साध्या चपला, पाण्याची बाटली, आणि उगीच कोणाच्या खांद्यावर हात न ठेवणाऱ्या. त्यांच्याकडे नऊ प्रश्नांचा फॉर्म होता. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का, भीती वाटली का, असं विचारायचं आणि 'अजिबात नाही'पासून 'जवळजवळ रोज'पर्यंत चार खान्यांत खूण करायची.

सकाळी नऊला आम्ही शालिग्रामभाऊंच्या वाड्यापासून सुरुवात केली. वाडा म्हणजे गोठाच. आमच्याकडे गोठ्याला वाडा म्हणतात. शालिग्रामभाऊ म्हशीच्या दाव्याला गाठ मारत होते.

"काही भीती वाटते का, काका?"

"मले? हॅ! मले काय धाड भरली? त्या निवृत्तीले पाहा. आमी टेकडीवर जातो ते त्याच्यासाठी. नाही गेलो तं त्याले वाईट वाटते." एवढं बोलेपर्यंत म्हशीनं मान हलवली, गाठ सुटली आणि ती आमच्यामधून शांतपणे रस्त्यावर गेली. मॅडम दचकल्या.

"गाठ सुटली काका."

"सुटूच द्याची असते. सुरगाठ हाय. वढलं का सुटते."

"मग बांधता कशाला?"

शालिग्रामभाऊंनी या प्रश्नावर बराच विचार केला. "तिले वाटलं पाहिजे नं का बांधेल हाय," ते म्हणाले.

पुरात एकतीस जनावरं खुंट्याला बांधलेली मेली. तेव्हापासून सावरटाकळीत एकाही घरी जनावराला पक्की गाठ मारत नाहीत. दिवसभर म्हशी गावातून पाहुण्यासारख्या फिरतात, कोणाच्याही सोयाबीनमध्ये शिरतात, आणि बांधावरून डोकी फोडणारं आमचं गाव त्याबद्दल एकमेकांना अवाक्षर बोलत नाही. मॅडमनी फॉर्मकडे पाहिलं. त्यात म्हशीचा खाना नव्हता.

पुढचं घर हर्षलच्या आईचं, वच्छलाकाकूंचं. उंबऱ्याशी भरलेली पिशवी होती, तिला अडखळून मॅडम पडता पडता वाचल्या.

"कुठे निघालात का काकू?"

"माहेराले," काकू म्हणाल्या.

"कधी?"

"जाईन एखांद्या दिवशी."

काकूंचं माहेर अमडापूर. बसनं पाऊण तास. पिशवी चार वर्षांपासून भरलेली आहे. आत दोन लुगडी, औषधं, रेशन कार्ड आणि मेणबत्त्या. माहेरी मेणबत्त्या कोण नेतं, हे मी विचारत नाही. काकूही म्हणाल्या, "आमचं सारं ठीक हाय व माय. तो निवृत्तीच तेवढा हालला. बिचाऱ्याचं मन राखाले जा लागते वर."

"आणि झोप?"

"झोप? शाळेत बेस लागते."

"शाळेत?"

"हाव. आभाळ आलं का घरी नाही लागत. वर गेलं का भुईले पाठ टेकली नाही तं घोरतो आमी."

शेषरावभाऊंच्या मोटारसायकलचं तोंड चार वर्षांत कधी घराकडे झालेलं नाही. ते ती रोज उलटी ढकलत अंगणात आणतात, टेकडीकडे तोंड करून. हर्षलला मॅडमनी आभाळाचं विचारलं तेव्हा त्यानं मोबाईल दाखवला. पावसाचा अंदाज सांगणारी पाच ॲप होती त्यात. "एक चुकलं तं दुसरं," तो म्हणाला. बोलता बोलता त्यानं ती पाचही दोनदा उघडून पाहिली, आणि म्हणाला, "खरा प्रश्न निवृत्तीभाऊंचाच हाय, मॅडम."

दुपारी मॅडम माझ्याकडे जेवल्या. मी डाळ पातेल्यात शिजवते, म्हणून उशीर लागला. "कुकर बिघडलाय का?" त्यांनी विचारलं.

नव्हता बिघडला. कुकरमध्ये गावातल्या सगळ्या लेकरांची लसीकरणाची कार्डं असतात, झाकण लावून, शिट्टीसकट. पुरात माझ्या पेटीतल्या दोनशे कार्डांचा लगदा झाला होता. कुकरमध्ये पाणी शिरत नाही, ही साधी गोष्ट आहे. ही काही भीती नव्हे, ही व्यवस्था आहे. तरी मॅडमनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी सकाळपासून सगळ्यांकडे पाहत होते, हे माझ्या लक्षात आलं आणि मला राग आला. का आला ते कळलं नाही. मी त्यांना आणखी भात वाढला.

जेवण झाल्यावर आम्ही निवृत्तीभाऊंकडे गेलो. ते ओट्यावर बसून जुन्या बॅटरीची टोकं सुरीनं खरवडत होते. घरात एकटेच, मुलगी करडी गावात दिलेली, बायको दहा वर्षांपूर्वी आजारानं गेली. त्यांनी मॅडमसाठी खुर्ची काढली, पुसली, आणि स्वतः उभे राहिले. शिपाईपणा अंगात मुरलेला.

"भोंगा का वाजवता, भाऊ?" मॅडमनी फॉर्म न काढता विचारलं. "भीती वाटते?"

"मले नाही, मॅडम. या लोकायले वाटते." त्यांनी सुरी खाली ठेवली. "आभाळ आलं का शालिग्राम वाड्यातून भाईर येते अन् वर पाह्यते. वच्छलाकाकू उंबऱ्यावर येऊन बसते. शेषराव गाडीले किक मारून पाह्यते, अन् बंद करते. पन आपल्या मनानं कोनी निघत नाही. लोकं हासतीन म्हनते. मंग मी वाजवतो भोंगा. मले हासतात, हासू द्या. वर जाऊन झोपतात तं खरं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मी पदराच्या टोकाकडे बघत होते. सकाळपासून सगळं गाव सांगत होतं की आम्ही निवृत्तीसाठी वर जातो, आणि हा माणूस गावासाठी भोंगा वाजवत होता. चार वर्षं दोघंही एकमेकांचं मन राखत होते, एकमेकांना वेडं समजून.

"आणि पुराच्या दिवशी?" मॅडमनी हळूच विचारलं.

निवृत्तीभाऊंनी ते रोजच्या हिशोबासारखं सांगितलं. आमच्या गावचा नेम आहे की ग्रामपंचायतीची कोणतीही सूचना तीनदा वाचायची. दवंडी होती तेव्हापासूनचा नेम. त्या दिवशी गावावर ऊन होतं, पाऊस सगळा डोंगरात. चार वाजता ते लसीकरणाची चिठ्ठी वाचत होते. दुसऱ्यांदा वाचताना तुळशीराम खिडकीशी आला. तुळशीराम त्यांचा पहिलीपासूनचा मित्र, नाल्याकाठी राहणारा. खिडकीचे गज हलवत ओरडला, "निवृत्ती, पानी आलं बे!"

"मी त्याले हातानं म्हनलं, थांब." निवृत्तीभाऊंनी हात वर करून दाखवला, तळवा पुढे. "अन् तिसऱ्यांदा वाचली. मंग पान्याचं सांगतलं. तवरिक तो म्हशी सोडाले परतला होता. आपल्या सोडल्या, मंग शालिग्रामच्या सोडाले गेला. तिथं राह्यला तो."

बाहेर एक म्हैस दोरी ओढत गेली.

"किती वेळ लागला असेल तिसऱ्यांदा वाचायला?" मॅडम म्हणाल्या.

"वाचून पाह्यलं मी मंग घड्याळ लावून. चाळीस सेकंद."

ती चिठ्ठी माझी होती. मी लिहिली होती, मीच दुपारी त्यांच्या हातात दिली होती, आणि लोक लसीकरणाला येत नाहीत म्हणून खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'तीनदा वाचणे'. चार वर्षांत मी हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आताही तोंड उघडलं आणि मिटलं. धाडस झालं नाही, खोटं कशाला बोलू.

"भोंगा वाजवून झाला की तुम्ही वर जाता का शाळेत?" मॅडमनी विचारलं.

"मी? मी पुलावर जातो. पानी पाह्यत उभा राह्यतो."

"वर कोणी बोलवत नाही तुम्हाला?"

निवृत्तीभाऊ पहिल्यांदा हसले. "बलावनारा मीच हाय नं, मॅडम. मले कोन बलावीन?"

आम्ही तिथून निघालो तेव्हा तीन वाजले होते आणि डोंगराच्या अंगाला काळं आलं होतं. फार नव्हतं. एरवी एवढ्या आभाळाला कुत्रं विचारत नाही. पण मी बघितलं, शालिग्रामभाऊ वाड्याबाहेर येऊन वर पाहत होते. मग त्यांनी भोंग्याच्या खांबाकडे पाहिलं. भोंगा गप्प होता. शेषरावभाऊंनी गाडीला किक मारली, बंद केली, पुन्हा मारली. चार बायका ओट्यावर आल्या आणि एकमेकींना सांगू लागल्या की, काही नाही, असंच गरम होऊन राहिलं म्हणून बाहेर आलो. पुढे पाऊण तास गावात कोणी काही काम केलं नाही. सगळे खांबाकडे बघत होते. मुकं जनावर धन्याकडे बघतं, तसे.

हर्षल पंचायतीच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसला होता. "पाचही जागी हलका पाऊस दाखवते," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. कोणी विचारलं नव्हतं.

चार वाजले आणि वच्छलाकाकू उठल्या. पिशवी उचलली आणि चालू लागल्या.

"आई, कुठं चालली?" हर्षल ओरडला.

"माहेराले."

"माहेर तिकडं हाय!"

काकूंनी मागे पाहिलं नाही. त्या टेकडीच्या रस्त्याला लागल्या. त्यांच्यामागे पूनम बाळ घेऊन निघाली, तिच्यामागे तिची सासू. मग बांध फुटावा तसं झालं. कोणाला वर शाळेचा नळ गळतो का ते बघायचं होतं, कोणाला पापड वाळत घालायचे होते. आभाळ आलेलं असताना पापड! शेषरावभाऊ गाडीवरून पुढे गेले आणि जाता जाता सांगून गेले की पोरीच्या दाखल्याचं गुरुजींना विचारायचं आहे. रविवार होता. शेवटी हर्षल उठला, पाचही ॲप पुन्हा पाहिली आणि म्हणाला, "आईले एकटं कसं सोडाव?" मी कुकर काखेत घेतला. मॅडम पाण्याची बाटली घेऊन माझ्यामागे.

हॉल भरला. बायकांनी सतरंज्या अंथरल्या, म्हाताऱ्यांनी पाठ टेकली. मॅडमनी दारात उभं राहून फक्त एवढंच विचारलं, "आज तर भोंगा वाजला नाही. मग आज कोणाचं मन राखायला आलात?"

शालिग्रामभाऊंनी टोपी काढली आणि आत काहीतरी शोधू लागले. शेषरावभाऊ खाकरले. मग वच्छलाकाकू पिशवीवर डोकं ठेवून आडव्या होत म्हणाल्या, "माह्याच. मले भेव वाटते. त्यात काय लाजाचं?"

"मले बी," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. आणि मग एकदम तीन-चार जण हसले. कोणाला हसत होते कोण जाणे, पण बरं वाटलं. हर्षलनं मोबाईल खिशात टाकला. करिष्मानं चुलीवर चहा ठेवला.

चहा वाटताना तिनं विचारलं, "निवृत्तीकाका कुठं हायेत?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "तो तं खालीच राह्यते," शालिग्रामभाऊ म्हणाले, आणि बोलल्यावर स्वतःच दाराकडे पाहू लागले. एकोणीस वेळा आम्ही वर आलो होतो. एकोणीस वेळा सतरंज्या मोजल्या, लेकरं मोजली, म्हशीसुद्धा मोजल्या. हा माणूस आपल्यात नाही, हे एकदाही कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मोजणं हे तर माझं काम.

मी हर्षलकडे गेले. मी काही म्हणायच्या आत त्यानं चावी काढून माझ्या हातावर ठेवली.

उताराचा रस्ता मी कसा उतरले ठाऊक नाही. खोलीचं कुलूप उघडलं, बटण दाबलं. माईकला मी आयुष्यात हात लावला नव्हता. भोंगा असा किंचाळला की खांबावरचे कावळे उडाले. काय बोलावं सुचेना. आणि जे रोज ऐकलं तेच तोंडात आलं.

"हॅलो. सर्व गावकरी... नाही. श्री. निवृत्तीभाऊ यांना कळविण्यात येते की, आभाळ आलेलं आहे. तरी त्यांनी ताबडतोब टेकडीवरच्या शाळेत यावं." पुढचं काही कळवण्यात येण्यासारखं नव्हतं. "भाऊ, त्या दिवसाची चिठ्ठी माही होती. तीनदा वाचा म्हनून मीच लिवलं होतं खाली. चार वर्सं झाले, मी कोनाले सांगतलं नाही. तुमी एकटे नका उभे राहू तिथं. वर या, भाऊ."

आवाज डोंगरावर आदळून परत आला. सगळ्या गावानं ऐकलं असणार. ऐकू दे. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि माझं मुसमुसणं बाहेर भोंग्यातून मलाच ऐकू येत होतं, तरी बटण कुठलं बंद करायचं ते आठवेना.

बऱ्याच वेळानं खिडकीशी कोणीतरी आलं.

"सारिका, डाव्या हाताचं लाल बटन," निवृत्तीभाऊ गजांतून म्हणाले. "बॅटरी उतरते, माय."

मी बटण दाबलं. बाहेर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते उभे होते. त्यांच्याकडे बघवेना.

"भाऊ, मी..."

"मले ठाऊक हाय," ते म्हणाले. "तुहं अक्षर मी ओळखत नाही काय? दर महिन्याले वाचतो."

"मंग तुमी कधी बोलले काऊन नाही?"

"काय बोलाचं त्यात? पंचनाम्याले साहेबानं विचारलं होतं, चिठ्ठी कोनाची? मी म्हनलं, वाहून गेली." ते चालू लागले. दोन पावलांवर थांबून म्हणाले, "तुले लहान लेकरं होते तवा."

टेकडीच्या चढावर त्यांना दम लागत होता. या वाटेची त्यांना सवय नव्हती. दारापाशी त्यांनी चपला काढल्या, ओळीत नीट लावल्या आणि साहेबाच्या केबिनमध्ये शिरावं तसे आत आले. शेषरावभाऊंनी नुसतं सरकून आपल्या सतरंजीवर जागा केली, आणि करिष्मानं पहिला कप त्यांना दिला.

निवृत्तीभाऊ मांडी घालून बसले. चहा बशीत ओतला. मग मान वर करून ते छताकडे बघत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"इथं पंखे कवा बसवले?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्सं झाले, भाऊ," शालिग्रामभाऊ म्हणाले.

"असं का," निवृत्तीभाऊ म्हणाले. "बेस हायेत."

आभाळामुळे गार वारा सुटला होता, खिडक्या उघड्या होत्या, पंख्याची काही गरज नव्हती. तरी हर्षल उठला, भिंतीपाशी गेला, आणि त्यांच्या डोक्यावरचा पंखा त्यानं लावला.